जपानी ठसाचित्रांतील स्त्रियांचीं वस्त्रें

जपानांतील जुन्या लांकडी ठशांच्या चित्रांची आपल्याकडे जी ओळख आहे ती बहुधा दोन प्रकारच्या चित्रांवरून झालेली आहे. एक होकुसाइची ती प्रसिद्ध प्रचंड लाट. आणि दुसरी, किंचित् मान कलती करून उभी असलेली, पायघोळ रंगीत वस्त्र ल्यालेली एखादी सुंदरी. लाटेविषयीं प्रस्तुत लेखांत आम्हांस कांहीं सांगावयाचें नाहीं. त्या सुंदरीविषयीं सांगावयाचें आहे, परंतु तिच्या रूपाविषयीं फारच थोडें. तिच्या अंगावर जें वस्त्र आहे तें कोणीं रंगविलें, कोणीं विकलें, तें घालण्यास तिला मनाई होती कीं काय, आणि त्याचे पैसे शेवटीं कोणाच्या नांवें मांडले गेले, हे प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटतात.

ह्या प्रश्नांकडे वळण्यास एक सबळ कारण प्रत्यक्ष चित्रांतच आहे. एकाच चित्रकाराचीं दहा सुंदरींचीं चित्रें शेजारीं शेजारीं मांडावीं आणि मानेखालचा भाग कागदानें झांकावा. मग एकीस दुसरीपासून ओळखणें जवळजवळ अशक्य होतें. तेंच लांबट तोंड, त्याच बारीक भुंवया, तेंच इवलेंसें ओष्ठयुगुल. कितागावा उतामारो हा ह्या प्रकारांतील सर्वांत नांवाजलेला चित्रकार. १७९३ च्या सुमारास त्यानें आपल्या काळच्या तीन सुंदरींचें एक चित्र काढलें. मध्यें तोमिमोतो पद्धतीचें गाणें गाणारी तोयोहिना, एका बाजूस आसाकुसा येथील चहाच्या दुकानांतील ओकिता, आणि दुसऱ्या बाजूस र्‍योगोकुकडील ओहिसा. तिघींच्या नाकाच्या बांकांत किंचित् फरक आहे असें रसिक सांगतात, आणि तें खरेंही आहे. परंतु एदो शहरांतील सामान्य गिऱ्हाइकानें त्यांस ओळखलें तें नाकावरून नव्हे. ओकिताच्या वस्त्रावर किरी वृक्षाच्या पानाफुलांचें चिन्ह आहे, ओहिसाच्या वस्त्रावर ओकाच्या तीन पानांचें आणि तोयोहिनाच्या वस्त्रावर साकुरासो नांवाच्या फुलाचें. मुख हा ठराविक सांचा होता. व्यक्ति होती ती वस्त्रांत.

आज आपण ज्यास किमोनो म्हणतों त्यास त्या काळीं कोसोदे म्हणत. कोसोदे म्हणजे लहान बाहीचें. हातासाठीं बाहीला ठेवलेलें तोंड लहान असे, म्हणून हें नांव. त्याची बेतणी अतिशय साधी आहे. सुमारें चौदा इंच पन्ह्याचें आणि बारा तेरा वार लांबीचें एक ठाण घ्यावयाचें, त्याच्या सरळ पट्ट्या पाडावयाच्या आणि त्या एकमेकींस शिवावयाच्या. कमरेचा, छातीचा, खांद्याचा बांक काढण्यासाठीं कात्री वांकडी चालवावयाची नाहीं. श्रीमंताचें वस्त्र आणि गरिबाचें वस्त्र बेतणींत एकच, बहुतांशी पुरुषाचें आणि स्त्रीचेंही. ह्यामुळें असें झालें कीं, फॅशन म्हणून जी कांहीं व्हावयाची ती कापडाच्या पृष्ठभागावरच झाली. नक्षी कोठून कोठें जाते, बाही किती लांब सोडली आहे, आंतलें अस्तर कोणत्या रंगाचें डोकावतें, आणि कमरेचा ओबी, म्हणजे पट्टा, किती रुंद आहे व त्याची गांठ कशी मारली आहे, एवढ्यांतच सर्व इतिहास आहे. सतराव्या शतकाच्या आरंभीं ओबी म्हणजे एक चिंचोळी पट्टी होती. अठरावें शतक संपण्याच्या आंत ती स्त्रीच्या पोटाचा सबंध भाग व्यापूं लागली आणि तिची गांठ एखाद्या गांठोड्याएवढी झाली. गणिका ही गांठ पुढें बांधीत. लग्न न झालेल्या मुलींच्या बाह्या लांब लोंबत. हे संकेत ठाऊक असलेल्या माणसास चित्रांतील स्त्री कोण, किती वयाची, कोणत्या घरची, हें न विचारतां कळे.

ह्या वस्त्राचें आणि छापखान्याचें नातें चित्रांच्याही आधीं जुळलें आहे. १६५७ सालीं एदो शहराला लागलेल्या आगींत शहराचा फार मोठा भाग जळून गेला. घरांबरोबर पेट्याही जळल्या, आणि नवें कापड करवून घेण्याची एकच झुंबड उडाली असें वस्त्रेतिहासाचे अभ्यासक मानतात. पुढें नऊ वर्षांनीं, १६६६ सालीं, ‘ओन्हिइनागाता’ नांवाचें नमुन्यांचें पुस्तक छापून निघालें. त्यांत सुमारें दोनशें नक्ष्या आहेत, आणि प्रत्येक पानावर कोसोदेची पाठ पसरून दाखविलेली आहे. कारण नक्षी सलग उमटते ती पाठीवर. गिऱ्हाइकानें पान उलटावें, बोट ठेवावें आणि रंगाऱ्याला सांगावें, असा हा प्रकार. पुढील दीडशें वर्षांत असलीं शंभरांहून अधिक पुस्तकें निघालीं. ठसाचित्रांचा आद्य पुरुष मानला जाणारा हिशिकावा मोरोनोबु हाही अशा नमुन्यांचा कर्ता होता, आणि तो भरतकाम करणाऱ्या कारागिराचा मुलगा होता. त्याचें सर्वांत प्रसिद्ध चित्र ठशाचें नसून रेशमावर कुंचल्यानें काढलेलें आहे. लाल कोसोदे घातलेली एक स्त्री चालतां चालतां मागें वळून पाहते आहे. ती आपल्याकडे पाठ करून कां उभी आहे ह्याविषयीं काव्यमय तर्क पुष्कळ झाले आहेत. आमच्या मतें उत्तर सरळ आहे: शिंप्याभरतकाऱ्यांच्या घरांत वाढलेल्या माणसास वस्त्र पाठीवरूनच पाहावयाचें असतें हें ठाऊक होतें. तिच्या ओबीची गांठही एका नामांकित नटाच्या, उएमुरा किचियाच्या, नांवानें ओळखली जाई.

नटाचें नांव स्त्रीच्या गांठीला पडावें ह्यांत कित्येकांस नवल वाटेल. जपानच्या काबुकी रंगभूमीवर स्त्रियांस १६२९ पासून बंदी होती, आणि स्त्रीपात्रें पुरुष करीत. स्त्रियांचें अनुकरण करण्यांत ज्यांचा जन्म गेला त्या पुरुषांचें अनुकरण मग घरोघरच्या स्त्रिया करूं लागल्या. जुनी मराठी रंगभूमि ज्यांच्या कानीं आहे त्यांस ह्याचें स्पष्टीकरण नको. १७४१ मध्यें सानोगावा इचिमात्सु नांवाचा तरुण नट एदोच्या रंगभूमीवर पांढऱ्या व गडद चौकटींचा वेष घालून आला. तेव्हांपासून त्या बुद्धिबळाच्या पटासारख्या नक्षीस त्याचेंच नांव पडलें. २०२० च्या तोक्यो ऑलिंपिकच्या चिन्हांतही तीच नक्षी वापरली होती.

आतां सरकारकडे वळूं. तोकुगावा घराण्यानें १६०३ पासून जी राज्यव्यवस्था बसविली तींत लढवय्ये वर, त्यांखालीं शेतकरी, मग कारागीर, आणि व्यापारी सर्वांत तळाला. दुर्दैवानें पैसा ह्याच्या अगदीं उलट्या क्रमानें सांचूं लागला. ज्याच्या हातीं पैसा त्याच्या हातीं तलवार नाहीं, पदवी नाहीं, जमीन नाहीं. मग त्यानें तो दाखवावा कोठें? बायकोच्या अंगावर. एदोच्या इशिकावा रोकुबेइ नांवाच्या व्यापाऱ्याच्या बायकोची गोष्ट ह्या संबंधांत नेहमीं सांगतात. क्योतोच्या एका धनिकाच्या स्त्रीशीं तिची वस्त्रांची चुरस लागली. ती स्त्री भरजरी वस्त्रानिशीं आली. ही साध्या काळ्या रेशमावर नांदिनाच्या झुडपाची नक्षी घालून आली. लोकांस वाटलें, हिनें हार खाल्ली. जवळून पाहतात तों त्या झुडपाचीं लाल फळें म्हणजे शिवलेलीं खरीं पोंवळीं! पुढें १६८१ सालीं शोगुन त्सुनायोशी हा उएनोच्या देवालयाकडे जात असतां हिचा थाट त्याच्या दृष्टीस पडला. कोणा मोठ्या सरदाराचें कुटुंब असावें अशा समजुतीनें त्यानें चौकशी केली, आणि ती एका वाण्याची बायको आहे असें कळतांच नवराबायकोची मालमत्ता जप्त होऊन त्यांस शहराबाहेर घालविण्यांत आलें. दोन वर्षांनीं, १६८३ मध्यें, स्त्रियांच्या वस्त्रांत सोनेरी जर, भरतकाम आणि सबंध अंगभर बांधणी ह्यांस कायद्यानें मनाई झाली.

ह्या मनाईचा परिणाम काय झाला तो पाहण्यासारखा आहे. जर गेला, टांका गेला. तेव्हां कुंचला पुढें आला. क्योतोंत मियाझाकी यूझेन नांवाचा एक पंख्यांवर चित्रें काढणारा होता. त्याच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या रीतींत चिकट तांदळाच्या खळीनें नक्षीच्या रेषा कापडावर ओढतात, त्या कुंपणाच्या आंत कुंचल्यानें रंग भरतात, वाफ देतात, आणि मग कापड वाहत्या पाण्यांत धुतात. खळ निघून जाते व तिच्या जागीं बारीक पांढरी रेषा उरते. १६८८ सालीं ह्या तऱ्हेच्या नमुन्यांचें पुस्तकही छापलें गेलें. यूझेनचा उदय केवळ कायद्यामुळें झाला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण ज्या वस्त्रावर एकही बेकायदेशीर धागा नाहीं, आणि तरी ज्यावर सबंध फुललेला नदीकांठ काढतां येतो, त्या वस्त्राची वाट कायद्यानें मोकळी केली ह्यांत शंका नाहीं.

चित्रांची प्रगति ह्याच सुमारास सावकाश चालली होती. आरंभीं केवळ काळा ठसा. मग त्यावर हातानें भरलेले रंग. नंतर १७४० च्या पुढें दोन तीन रंगांचे ठसे. १७६५ हें साल मात्र लक्षांत ठेवण्याजोगें आहे. जपानी चांद्र पंचांगांत कांहीं महिने मोठे व कांहीं लहान असत, व त्यांचा क्रम दरवर्षीं बदले. एदोंतील हौशी मंडळींनीं हे महिने चित्रांत लपवून तीं चित्रें एकमेकांस भेट देण्याची टूम काढली, आणि खर्चाकडे न पाहतां उत्तम कारागिरांकडून तीं छापून घेतलीं. सुझुकी हारुनोबु ह्यानें काढलेल्या अशा एका चित्रांत अवचित वळिवाचा पाऊस आला आहे आणि एक मुलगी वाळत घातलेलें कोसोदे काढावयास धांवली आहे. धांवतांना तिच्या पायांतील एक खडाव मागें पडली आहे. दोरीवरच्या त्या कोसोदेच्या नक्षींत नीट पाहिलें तर त्या वर्षाचें नांव आणि २, ३, ५, ६, ८, १० हे मोठ्या महिन्यांचे आंकडे सांपडतात. पंचांग लपवावयास चित्रकारानें जागा शोधली ती आकाशांत नाहीं, झाडांत नाहीं, कापडांत! अनेक रंगांच्या ठशांनीं छापलेल्या ह्या नव्या चित्रांस लोकांनीं नांवही कापडाचेंच दिलें: नीशिकी-ए, म्हणजे किनखाबी चित्रें.

हें नांव शोभेचें नव्हे; छापणाराची सगळी विद्या कापडाची नक्कल करण्यांत खर्च होत होती. चित्रकार पातळ कागदावर रेषा काढून देई; तो कागद डोंगरी चेरीच्या फळीवर पालथा चिकटवून कोरणारा रेषा कोरी. मग दर रंगाला निराळी फळी. सर्व फळ्यांवर एका कोपऱ्यांत आणि एका कडेला खूण कोरलेली असे, व त्या खुणांस लावून कागद ठेवला म्हणजे दहा रंगही केसभर न सरकतां आपापल्या जागीं बसत. यंत्र नाहीं, दाब नाहीं. बांबूच्या सालपटांत गुंडाळलेली एक चपटी गादी हातानें कागदाच्या पाठीवर घासावयाची, एवढेंच. पांढऱ्या रेशमाची वीण दाखवावयाची झाली तर शाई न लावतांच ठसा दाबीत. कागदावर रंग उमटत नसे, पण बोटानें चांचपल्यास नक्षी लागे. काळ्या ओबीवरील काळी नक्षी दाखवावयाची तर कागद उताणा ठेवून वरून घोटीत. समोरून पाहतां नुसता काळा पट्टा दिसतो, आणि चित्र उजेडाकडे थोडें कललें कीं त्या काळ्यांतून चमकती फुलें वर येतात. छायाचित्रावरून ह्याची कल्पना येणें कठीण. चित्रकाराचें व प्रकाशकाचें नांव चित्रावर असे. कोरणाराचें व छापणाराचें बहुधा नसे.

रंगही रंगाऱ्याच्याच रांजणांतले. लाल रंग मिळे तो बेनीपासून. बेनी म्हणजे आपली करडई. आपल्याकडे कुसुंबी रंग ज्या फुलांचा, त्याच फुलांचा हा रंग उत्तरेकडील मोगामी खोऱ्यांतून क्योतोस जाई, आणि रेशमाला व स्त्रियांच्या ओठांना लागे. ठसाचित्रांतला लालही त्याच फुलाचा. निळा रंग आपल्या केन्याच्या जातीच्या एका रानफुलापासून काढीत. तो इतका नाजुक कीं पाण्याचा थेंब लागला तरी जातो. यूझेनचे कारागीर नक्षीचा कच्चा आराखडा ह्याच रंगानें काढीत, तो धुतांना नाहींसा होतो म्हणूनच. ठसाचित्रांत मात्र हाच रंग कायमचा म्हणून वापरावा लागला. लाल व हा निळा मिळून होणाऱ्या जांभळ्याची तर दशाच झाली. ज्या वस्त्रांस आज आपण बदामी किंवा मातकट समजून त्यांच्या सौम्यतेची तारीफ करतों, त्यांतील पुष्कळशीं मूळचीं ठसठशीत जांभळीं होतीं. जपानी रुचीच्या ‘संयमा’विषयीं पाश्चात्य रसिकांनीं जें लिहिलें आहे त्यांतील कांहीं श्रेय सूर्यप्रकाशाला दिलें पाहिजे.

आतां वस्त्रचित्रांच्या अगदीं मध्यावर असलेल्या मालिकेकडे येऊं. इसोदा कोर्युसाइ हा मूळचा सामुराई, पुढें चित्रकार झाला. टीकाकार त्यास हारुनोबुच्या मागून आलेला दुय्यम दर्जाचा माणूस समजतात. आम्हांस हा न्याय पटत नाहीं. १७७५ च्या सुमारास त्यानें जी मालिका सुरू केली तिच्या नांवाचा भावार्थ ‘नमुने: कोंवळ्या पालवीसारख्या वर्षारंभाच्या नक्ष्या’ असा आहे. तींत शंभरांहून अधिक चित्रें निघालीं, आणि तीं मागील चित्रांपेक्षां मोठ्या आकाराच्या कागदावर होतीं, जेणेंकरून वस्त्राला जागा मिळावी. प्रत्येकांत योशिवारा वस्तींतील एक श्रेष्ठ गणिका आपल्या दोन लहान दासींसह चालली आहे. दासींचीं वस्त्रें तिच्या वस्त्राशीं जुळतीं. वर मालिकेचें नांव, आणि खालीं घराचें व तिचें नांव: चोजिया घरची हिनाझुरु, अशा रीतीनें. योशिवारा ही सरकारमान्य वस्ती १६१८ मध्यें सुरू झाली आणि १६५७ च्या आगीनंतर शहराबाहेर आसाकुसाच्या पलीकडे हलविण्यांत आली. नव्या वर्षीं तेथील स्त्रिया नवीं वस्त्रें लेऊन मिरवीत, आणि शहर तें पाहावयास लोटे. आरंभीं ह्या मालिकेंत निशिमुराया योहाचि ह्या प्रकाशकाबरोबर त्सुताया जूझाबुरो ह्याचाही भाग होता. त्सुतायाचें दुकान योशिवाराच्या दरवाज्याशींच असे आणि तो तेथील घरांची व स्त्रियांची यादी छापून विकी. म्हणजे ही मालिका एकाच वेळीं चित्र, कापडाचा नमुना आणि वस्तीची जाहिरात होती. एदोच्या व्यापाऱ्याची पापभीरु मुलगी त्या वस्तीच्या वाऱ्यालाही उभी राहत नसेल. पण तेथल्या बाहीची लांबी तिला ठाऊक होती, कारण साधें चित्र थोड्याशा तांब्याच्या नाण्यांत मिळे.

ज्या स्त्रीच्या अंगावर हा नमुना झळकत होता तिची बाजू आतां सांगितली पाहिजे. बहुतेक मुली सात आठ वर्षांच्या असतांना गरीब आईबापांनीं आगाऊ रक्कम घेऊन ह्या घरांस दिलेल्या असत. त्या रकमेच्या फेडीसाठीं साधारणपणें दहा वर्षांचा करार असे, आणि सत्ताविसाव्या वर्षाच्या सुमारास तो संपावयाचा. परंतु वस्त्रें, अंथरुणें, केसांतील कासवाच्या पाठीचे कांटे हा खर्च घराचा नसे. तो तिच्या नांवें मांडला जाई, आणि दोन्ही बाजूंस चालणाऱ्या त्या लहान दासींच्या वस्त्रांचाही. जितकी ती वर चढे तितकें वस्त्र भारी, आणि जितकें वस्त्र भारी तितकें कर्ज मोठें. नव्या वर्षाची पालवी तिच्या कर्जावर फुटत होती. तिचें नांवही तिचें नसे: हिनाझुरु हें त्या घराचें नांव, एक गेली कीं दुसरीस मिळावयाचें. मिनोवा येथील जोकान्जि देवालयांत योशिवाराच्या वीस हजारांहून अधिक मृतांस जागा मिळाली असें सांगतात. बेवारस प्रेतें तेथें आणून टाकीत म्हणून त्या देवालयास ‘टाकण्याचें देऊळ’ असें नांव पडलें.

ह्या स्त्रियांस केवळ मुक्या बाहुल्या समजणें मात्र चुकीचें होईल. १७८४ सालीं त्सुतायानें छापलेल्या एका उंची चित्रसंग्रहांत योशिवाराच्या श्रेष्ठ गणिकांच्या कविता त्यांच्याच हस्ताक्षरांच्या नकलेसह दिलेल्या आहेत, आणि तें अक्षर वळणदार आहे. तीं चित्रें काढणारा किताओ मासानोबु हाच सान्तो क्योदेन ह्या नांवानें कथालेखकही होता. त्यानें १७९१ मध्यें ‘किनखाबाची उलट बाजू’ अशा अर्थाच्या नांवाची कथा लिहिली. रात्रीच्या दिव्यांची जी वस्ती चित्रांत दिसते तिचा दिवस कसा जातो, तो तींत दाखविला आहे. भरजरी कापडाचे सुटे धागे उलट बाजूसच दिसतात, हें वस्त्र हाताळणाऱ्या कोणत्याही माणसास ठाऊक असतें. क्योदेननें तें नांव उगीच निवडलेलें नाहीं. सरकारनें ही व तिच्याबरोबरचीं दोन पुस्तकें बंद केलीं, क्योदेनला पन्नास दिवस हातकड्या घातल्या, आणि प्रकाशक त्सुतायाची निम्मी मालमत्ता दंड म्हणून घेतली. किनखाबाची सरळ बाजू छापण्यास अर्थातच परवानगी होती.

त्या सरळ बाजूवरही सरकारची नजर होतीच. १७९० पासून प्रत्येक चित्रावर तपासनिसाचा शिक्का लागूं लागला. १७९३ मध्यें गणिकांखेरीज इतर स्त्रियांचीं नांवें चित्रांवर घालण्यास मनाई झाली. ओकिता व ओहिसा ह्या चहाच्या व पापडाच्या दुकानांतल्या मुली इतक्या प्रसिद्ध व्हाव्या हें वरिष्ठांस रुचलें नाहीं. उतामारोनें नांवाऐवजीं कोड्याचीं लहान चित्रें घातलीं. १७९६ मध्यें कोड्यांवर बंदी आली. १८०० मध्यें मोठ्या मुखाच्या चित्रांवरही आली. चौदा पंधरा वर्षांच्या ह्या झटापटींत चित्रकाराच्या हातीं निर्वेध असें उरलें तें कापड. आयुष्याच्या अखेरीस उतामारोनें उन्हाळी वस्त्रांची एक मालिका काढली. तींत प्रत्येक सुंदरी एका कापडदुकानाच्या नांवाशीं जोडलेली आहे: एचिगोया, दाइमारू, मात्सुझाकाया, शिरोकिया, कामेया. अमुक दुकानाच्या मालास शोभणारी ती अशी, हा मथळा. १८०४ मध्यें उतामारोस हिदेयोशीच्या इतिहासावरील चित्रांबद्दल पन्नास दिवस हातकड्या भोगाव्या लागल्या, आणि १८०६ मध्यें तो वारला. दुकानें टिकलीं. एचिगोया हें मित्सुई ताकातोशीनें १६७३ मध्यें काढलेलें दुकान; उधारी नाहीं, घासाघीस नाहीं, आणि पाहिजे तेवढेंच कापड कापून मिळेल, ह्या तीन गोष्टींनीं त्यानें एदो जिंकलें होतें.

एकोणिसाव्या शतकांत नक्षी बारीक होत गेली, रंग मंदावले, आणि पट्ट्यापट्ट्यांचें कापड पुढें आलें. पट्ट्यास जपानींत शिमा म्हणतात, आणि बेटासही शिमा म्हणतात. परदेशच्या बेटांवरून आलेलें कापड म्हणून हें नांव पडलें असें मानतात. त्या कापडांचीं जुनीं नांवें मराठी वाचकानें मुद्दाम पाहावीं. सान्तोमे-जिमा हें मद्रासेजवळील सेंट थोमेवरून, बेंगारा-जिमा हें बंगालवरून. आणि चाउ-जिमा हें आपल्या अलिबागेजवळच्या चौल बंदरावरून! पोर्तुगीझ गलबतांनीं चौलचें हलकें रेशीम जपानांत नेलें. पुढें क्योतोचे विणकर तसलें कापड स्वतः विणूं लागले, पण चौलचें नांव त्यावर राहिलें. तें विशेषेंकरून पुरुषांच्या घोळदार वस्त्रांसाठीं वापरीत, त्यामुळें सुंदरींच्या चित्रांत तें शोधूं नये. परंतु ज्या पट्ट्यांनीं पुढें एदोच्या स्त्रियांस वेडें केलें त्यांच्या कुळांत आपल्या कोंकणचा एक धागा आहे. ह्या नव्या रुचीचें मर्म असें कीं, वरून राखी किंवा तपकिरी साधें वस्त्र, आणि आंत चालतांना क्षणभर दिसेल असें लालभडक किंवा चित्रित अस्तर. कायदा बाहेरून पाही. खर्च आंतून होई.

१८४१ ते १८४३ ह्या काळांत मिझुनो तादाकुनी ह्या मंत्र्यानें शेवटचा मोठा प्रयत्न केला. नट, गणिका व गायिका ह्यांचीं चित्रें बंद झालीं, ठशांची संख्या ठरवून देण्यांत आली, आणि चित्राची किंमत सोळा मोन, म्हणजे एका वाडगाभर सोब्याच्या शेवयांइतकी, बांधली गेली. ह्यानंतर लौकरच, १८४४ च्या सुमारास, उतागावा कुनियोशीची दहा चित्रांची मालिका निघाली. तींत सामान्य घरच्या स्त्रिया आहेत, आणि सगळ्यांच्या अंगावर एकच मोठ्या चौकटींचें कापड आहे. ह्या चौकटीस बेन्केइ म्हणतात. बेन्केइ हा जुन्या कथांतील धिप्पाड योद्धा संन्यासी. प्रत्येक स्त्रीचें चालू घरकाम त्याच्या एकेका पराक्रमाशीं जोडून दाखविलें आहे. साधें सुती कापड, कायद्यास बोट ठेवावयास जागा नाहीं, आणि घरांतली बाई मात्र बेन्केइ ठरली. उतामारोच्या सर्व रेशमापेक्षां ही मालिका आम्हांस अधिक आवडते, हें येथें नोंदवून ठेवतों.

पुढची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. १८५९ मध्यें योकोहामा बंदर उघडलें, आणि थोड्याच वर्षांत विलायती रासायनिक लाल व जांभळे रंग चित्रांत शिरले. ते कापडांतही शिरले. १८७२ मध्यें गणिकांचीं करारपत्रें रद्द करणारा हुकूम निघाला, पण धंदा निराळ्या नांवानें चालूच राहिला. योशिवाराचे परवाने खऱ्या अर्थानें संपले ते १९५८ मध्यें. १८८६ पासून राजदरबारीं स्त्रिया विलायती झगे घालूं लागल्या. आदाची गिंको ह्याच्या १८८७ च्या एका चित्रांत खानदानी स्त्रिया शिवणयंत्रावर असले झगे शिवीत आहेत. सरळ पट्ट्यांच्या देशांत कात्री प्रथमच वांकडी चालूं लागली, आणि तिची बातमीही ठसाचित्रानेंच दिली. एचिगोयाचें १९०४ मध्यें मित्सुकोशी नांवाचें मोठें भांडार झालें. १९११ मध्यें त्या भांडारानें जाहिरातीच्या चित्राची स्पर्धा लावली, तींत पहिलें बक्षीस मिळालें तें किमोनो घालून बसलेल्या एका स्त्रीच्या चित्रास. तें काढणारा हाशिगुचि गोयो हा उतामारोचा अभ्यासक, आणि पुढें स्वतः ठसाचित्रें काढून १९२१ मध्यें अल्प वयांतच वारला.

त्याच १९२१ सालीं अमेरिकेंत बॉस्टन येथील स्पॉल्डिंग बंधूंनीं आपल्या संग्रहांतील सुमारें साडेसहा हजार ठसाचित्रें तेथील ललितकलासंग्रहालयास दिलीं, तीं एका अटीवर: हीं चित्रें प्रदर्शनांत कधींही मांडावयाचीं नाहींत. अट आजवर पाळली गेली आहे. उजेड न लागल्यामुळें त्यांतील केन्याच्या फुलाचा निळा व करडईचा लाल अजून टिकून आहेत, आणि जांभळें वस्त्र जांभळेंच आहे. तीं चित्रें खणांत अंधारांत असतात. इतरांस पाहावयास मिळतात तीं त्यांचीं छायाचित्रें.